तायडे मॅडमची रांग

गिल्या वड्याच्या गाडीवर रांग लावायला लावणारी बाई अख्ख्या अमरावतीत मी एकच पाहिली. संध्याकाळची वेळ, गाडीभोवती माणसांचा गराडा, जो तो हात लांब करून "भाऊ, इकडे एक प्लेट" म्हणून ओरडतोय, आणि त्या गर्दीत ठेंगण्या, काळ्यासावळ्या, जाड चष्म्याच्या तायडे मॅडम पर्स छातीशी धरून उभ्या. "काहून बे, रांग नाई का इथं? हे काका आधी आले. काका, तुमी या. मंग हा निळ्या शर्टवाला. मंग ते पोरगी. मंग मी." आणि नवल म्हणजे माणसं खरंच सरकली. गाडीवालाही निमूटपणे त्या क्रमानं प्लेटा भरू लागला. मॅडमचा नंबर आल्यावर त्यांनी वडा घेतला, बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पाह्यलं गजू? कोणाले भांडाव लागलं नाई."

मी तेव्हा त्यांच्याच फार्मसी कॉलेजात नवा होतो. वनस्पतींचा विषय शिकवायचो, अजूनही शिकवतो. फार्मसीच्या कॉलेजात वनस्पतीवाल्याची गत लग्नातल्या वाजंत्रीवाल्यासारखी असते, लागतो सगळ्यांना, पण पानावर बसवतात शेवटी. तायडे मॅडमनी मात्र मला पहिल्याच आठवड्यात हाक मारली. औषधाचा शरीरावर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. मी मेळघाटातून साली, पानं, मुळ्या आणायच्या, वाळवून त्यांचा अर्क काढायचा, आणि मॅडमनी तो उंदरांना पाजून पाहायचा, असं आमचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं, मी हो म्हणालो.

रांग हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. उत्तरपत्रिका पहिल्या रोल नंबरपासून तपासायच्या, मधलीच उचलायची नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाढायला उभ्या राहिल्या तर पंगतीच्या डाव्या टोकापासून सुरू. प्राचार्य मधे बसलेले असले तर त्यांनी भात येईपर्यंत वाट पाहायची. एकदा संस्थेचे अध्यक्ष स्वतःच्या पुतण्याच्या प्रवेशासाठी थेट प्रयोगशाळेत आले, तर मॅडमनी त्यांना बाहेरच्या बाकावर पालकांच्या शेजारी बसवलं. "तुमचा नंबर या ताईनंतर." अध्यक्ष बसले बिचारे! आम्ही आतून पाहत होतो, हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही उंदराचं वजन करता करता. त्यांचे वडील अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यातले. गावात विहिरीवर त्यांच्या घरच्यांनी दूर उभं राहायचं, कोणी वरून पाणी घातलं तर घ्यायचं. पुढे ते अंजनगावला मास्तर झाले, तिथे सार्वजनिक नळ होता आणि नळावर रांग होती. "बाबा म्हणत, कुंदे, त्या नळावर मी पाटलाच्या पुढं उभा होतो. काहून? तर मी आधी आलो होतो म्हणून. बस. दुसरं काही कारण नाई." एवढं सांगून मॅडमनी उंदीर पिंजऱ्यात ठेवला आणि पुढचा उचलला. मी त्यानंतर रांगेवरून त्यांची कधी थट्टा केली नाही.

उंदीर धरायच्या आधी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायच्या. भर मे महिन्यातसुद्धा! "थंड हातानं धरलं का त्याले वाटते साप आला." सुई टोचताना त्याच्याशी बोलायच्या. "हो गा, हो. झालं बापा, झालं." विद्यार्थ्यांना सुईला हात लावू द्यायच्या नाहीत. जिवाला इजा करायची तर ती आपल्या हातानं करायची, पोरांच्या हातानं करवून घ्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दुसऱ्या कोणाला जे काम तासाभरात उरकतं, त्याला त्यांना सकाळपासून दुपार व्हायची. आम्ही कुरकुर केली की म्हणायच्या, "तुमाले घाई असंन. त्याले नाई."

आणि त्यांची ती स्टीलची वाटी. एम. फार्म. झाल्या तेव्हा वडिलांनी दिलेली. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसं त्यावर कोरून घेतलेलं: 'चि. कुंदा एम. फार्म. झाली म्हणून. बाबांकडून.' टोचायचं औषध त्या सकाळी पाण्यात तयार करायच्या आणि या वाटीत ओतून घ्यायच्या. बीकर उंदराच्या एका धक्क्यानं कलंडतो, वाटी बूड टेकून बसते, हे त्यांचं शास्त्र. पाहुणे परीक्षक आले की आम्ही ती वाटी लपवायचो. मॅडम परत काढून ठेवायच्या.

आता धावड्याचं सांगतो. धावडा मेळघाटात पसरलेला आहे. त्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. त्याच्या सालीचा अर्क हृदयाला काही उपयोगी पडतो का, हे मॅडमना त्या उन्हाळ्यात पाहायचं होतं. पद्धत सोपी होती. हृदयाची धडधड वाढवणारं एक औषध आहे. माणसाला ते डॉक्टर जपून देतात. उंदराला जास्त टोचलं की त्याच्या हृदयाचा स्नायू दुखावतो, हार्ट अटॅकसारखं होतं. त्याआधी काही उंदरांना नुसतं पाणी पाजायचं, काहींना थोडा अर्क, काहींना जास्त, काहींना सगळ्यात जास्त. मग सगळ्यांना ते औषध टोचायचं आणि कोणाचं हृदय शाबूत राहिलं ते पाहायचं.

पिंजरे अर्थात रांगेनं मांडलेले. पाणी पिणारे पहिले, सगळ्यात जास्त अर्क पिणारे शेवटचे.

निकाल असा आला की मी धावड्याच्या झाडाला नमस्कार करायचा बाकी राहिलो होतो. पहिले उंदीर कोपऱ्यात अंग चोरून पडले, त्यातले काही गेले. पुढच्यांची तब्येत जरा बरी, त्यापुढच्यांची अजून बरी, आणि शेवटच्या पिंजऱ्यातले मिशा हलवत दाणे खात बसलेले. हृदयं कापून भिंगाखाली पाहिली तिथेही तेच. अर्क जितका जास्त तितकं हृदय चांगलं, जिन्याच्या पायऱ्या पडाव्या तसं. मॅडमनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला कोथिंबीर भरलेली सांभारवडी वाटली. रांगेनं.

शोधनिबंध छापून आला. मग कुठूनसा एक वार्ताहर आला. त्यानं मॅडमना एका हातात उंदीर आणि दुसऱ्या हातात वाटी धरून उभं केलं आणि फोटो काढला. मथळा होता, 'मेळघाटच्या धावड्यात हृदयाचं कवच'. मॅडम पेपर वाचून वैतागल्या. "मी उंदराचं सांगतलं, यानं माणसाचं लिवलं." पण त्या आतून सुखावल्या होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. हसताना त्या तोंडावर हात ठेवायच्या, त्या दिवशी हात ठेवायला विसरल्या.

सगळ्यात आनंद झाला तो अकोल्याच्या वामनरावांना. मॅडमच्या मोठ्या बहिणीचे, कमलताईंचे हे यजमान. एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आवाज अजून घाटात हॉर्न वाजवल्यासारखा. मॅडमनी लग्न केलं नव्हतं; आईवडील गेल्यावर त्यांचं माहेर म्हणजे अकोल्याचं हे घर. वामनरावांना आधी एक अटॅक येऊन गेला होता, गोळ्या चालू होत्या. त्यांनी पेपरातला फोटो फ्रेम करून बैठकीत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. "हे माझी साळी. सायंटिस्ट हाये." परतवाड्याहून कोणाकडून तरी धावड्याच्या सालीची पावडर मागवली. मॅडम फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, अजून माणसावर पाह्यलं नाई." ते म्हणाले, "मी हावो ना माणूस! माह्यावर पाह्य." दोघंही हसले, मी तिथेच बसलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी तोच प्रयोग पुन्हा मांडला, यावेळी मोठा. आमच्याकडचा मे म्हणजे काय सांगायचं? सकाळी नळाला गरम पाणी येतं. लाइट गेलेली, कूलर बंद, उंदीरघरात भट्टी. त्या सकाळी वाटी सापडेना. शोधून शोधून मॅडम चिडल्या आणि शेवटी औषध काचेच्या बीकरमधे घेऊन बसल्या. पहिल्या पिंजऱ्यापासून सुरू केलं. "हो गा, हो. झालं बापा."

दुपारी त्यांनी मला हाक मारली. शेवटच्या पिंजऱ्यासमोर उभ्या होत्या आणि बीकर खिडकीच्या उजेडात धरला होता.

"गजू, हे तुले कोन्त्या रंगाचं दिसते?"

"गुलाबी."

"सकाळी पाण्यासारखं होतं."

त्या स्टुलावर बसल्या. मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. हे औषध उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतं, आणि खराब झालं की त्याचा जोर जातो आणि ते गुलाबी पडतं. गुलाबी झालेलं वापरायचं नाही. "हे मी दरवर्षी पोट्ट्यायले शिकवते. परीक्षेत विचारते. मार्क कापते."

"मग गेल्या वर्षी दिसलं कसं नाही, मॅडम?"

"स्टीलच्या वाटीत रंग दिसत नाई, गजू."

मी बावळटासारखं काहीतरी बोललो. आज ऊन जास्त आहे, गेल्या वर्षी नसेल झालं असं, वगैरे. त्यांनी ऐकलंही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा उंदीर घेतले, औषध तयार केलं, आणि म्हणाल्या, "आज शेवटच्या पिंजऱ्यापासून." उलट्या रांगेनं काम करताना मी त्यांना आयुष्यात तेव्हाच पाहिलं. भरपूर अर्क पिलेल्या उंदरांना सकाळी ताजं औषध मिळालं. नुसतं पाणी पिलेल्यांचा नंबर दुपारी आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दार उघडलं. धावड्याचा अर्क पोटभर पिलेले उंदीर कोपऱ्यात पडले होते. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ते दाणे खात होते.

मॅडमनी एकेका पिंजऱ्यासमोर वाकून पाहिलं. मग हळू म्हणाल्या, "हे शेवटी होते म्हणून वाचले. ते पहिले होते म्हणून मेले. धावड्याचा काही संबंधच नाई." थोड्या वेळानं परत, "मले वाटलं, रांगेनं केलं म्हणजे सगळ्यांले सारखं मिळालं. वाटीत सारखं नव्हतं रे."

वाटी पुढे कूलरच्या मागे सापडली. त्यांनी ती उचलली, फडक्यानं पुसली आणि टेबलावर पालथी ठेवली. त्यानंतर ती सुलटी झालेली मी पाहिली नाही.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या, मला सोबत घेऊन. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, पण कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती यायची होती आणि भिंतीवर लावायच्या कौतुकात धावडा सगळ्यात वर होता. ते म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. कोणाला कळतंय? पुढचा प्रयोग नीट करा, म्हणजे संपलं." मॅडम म्हणाल्या, "सर, लोक ते पिऊन राहिले." प्राचार्यांनी बेल वाजवून चहा मागवला. मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या असं झालं की उठून खिडकीतून उडी मारावी. तळमजलाच होता म्हणा.

त्यांनी शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र पाठवलं. स्टाफच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "धावड्याचं माझं काम चुकीचं आहे. औषध खराब झालं होतं आणि मला दिसलं नाही." त्यावेळी त्या शुद्ध बोलल्या, वर्गात बोलतात तसं. कोणी वर पाहिलं नाही. एकजण बशीत चहा ओतत होता तो ओततच राहिला. वार्ताहरालाही त्यांनी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, काही होत नाही याची बातमी कशी करू?" तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा आतल्या पानावर, निविदांच्या खाली, दोन ओळी आल्या. फोटो नव्हता.

मग आम्ही अकोल्याला गेलो. वामनरावांनी गोळ्या बंद करून नुसता धावडा चालवला आहे, असं कमलताईंनी फोनवर सांगितलं होतं. मला त्या म्हणाल्या, "तू चाल. मी एकटी गेली तर चहा पिऊन परत येईन." मूर्तिजापूरपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, पुढे डोळे मिटून बसल्या. झोपल्या नव्हत्या.

"या या, सायंटिस्ट!" वामनराव दारातच. "अवो, पाणी आना! गजूभाऊ, बसा. पाहा, फ्रेम कशी हाये? काच बदलली."

मॅडम बसल्याच नाहीत. पाण्याचा गडू हातात तसाच धरून म्हणाल्या, "भाऊजी, ते धावड्याचं चुकलं. माझं चुकलं. ते घेऊ नका. गोळ्या पहिल्यासारख्या चालू करा."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग कमलताईंकडे. "कोन बोललं तुले? प्रिन्सिपॉलनं दाबलं का? का त्या गोळीवाल्या कंपन्यायनं?"

"कोनी नाई दाबलं. मीच चुकली."

"अवं, पण मले आराम हाये ना! जिना चढतो मी. काल गांधी रोडपर्यंत पायी जाऊन आलो."

"तो गोळ्यायचा आराम होता भाऊजी. आधीच्या गोळ्यायचा. किती दिवस झाले बंद करून?"

ते फ्रेमची काच पुसू लागले. कमलताई पदरानं हात पुसत आत गेल्या, गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. वामनरावांनी एक काढली, मॅडमच्या हातातला गडू घेतला आणि गिळली. मग लहान पोरासारखा आ करून दाखवला. "घे. तुह्यासाठी. आता तरी बसशीन का नाई?"

आम्ही जेवलो. पाटवडीचा रस्सा होता, चव मला आठवत नाही. जेवताना मॅडमची पाठ त्या फ्रेमकडे होती. त्यांनी मुद्दाम ती जागा घेतली होती. परतताना बसमधे म्हणाल्या, "लाज वाटते रे गजू. लय लाज वाटते. माझा फोटो लावून बसला हाये तो, अन् मी त्याले सांगून राहिली का ह्या फोटोचं ऐकू नको." मी म्हणालो, ऐकलं ना त्यांनी, गोळी घेतली. त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडं पाहून घेतली."

त्यांचं बरोबर होतं. हिवाळ्यात वामनराव गेले. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, तिथेच.

आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं. बैठकीत टेबलावर वामनरावांचा फोटो, मेणबत्ती, आणि फुलं वाहायला माणसं रांगेत उभी. कोणीतरी म्हणालं, "कुंदाताई, तुमी घरच्या, पुढं या." त्या पुढे गेल्या नाहीत. रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या मागून फूल वाहिलं. वामनरावांच्या फोटोच्या बरोबर वर भिंतीवर ती फ्रेम होती. उंदीर, वाटी, आणि तोंडावर हात न ठेवता हसणाऱ्या मॅडम.

माणसं पांगल्यावर त्या कमलताईंना म्हणाल्या, "ताई, हे काढ ना व."

"राहू दे," कमलताई म्हणाल्या. "त्यायनं लावेल हाये."

"त्यायनं गोळ्या घेतल्या का गं नंतर?"

कमलताईंनी टेबलावरची फुलं गोळा केली. मग म्हणाल्या, "तू गेली का दुसऱ्या दिवसापासून धावडाच. मी भांडली. ते म्हनत, कुंदा लय साधी हाये, लोकायच्या बोलण्यात येते, घाबरून गेली असंन. तिचं पहिलंच खरं हाये. ते म्हनत, मी नाई तिच्यावर विश्वास ठेवणार तं कोन ठेवणार?"

मॅडम उठल्या आणि मोरीत जाऊन सगळ्यांचे कप धुवत बसल्या. डॉक्टर म्हणाले होते की वय झालं होतं, हृदय आधीचंच कमजोर होतं, गोळ्या घेऊनही सांगता आलं नसतं. हे मी त्यांना परतताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो. सांगता नाई येत." मग बडनेरा आल्यावर, उतरायच्या तयारीत असताना म्हणाल्या, "मले कोनीतरी शिव्या द्यायले पायजे होत्या गजू. सगळे चहाच देऊन राहिले."

त्यानंतर त्या लवकरच निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या, प्राचार्यांनीही फार आग्रह केला नाही. घरी गेलो तर कुलूप असायचं. शेजारची बाई म्हणे, मॅडम बाजाराले गेल्या. कुठल्या? तर कधी चांदूर बाजार, कधी अंजनगाव, कधी परतवाडा. मला वाटलं एकट्या बाईला वेळ जात नसेल, भाजी आणायला जात असतील. भाजी आणायला कोणी अमरावतीहून चांदूर बाजारला जातं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलांना घेऊन मेळघाटात गेलो होतो. परतताना परतवाड्याला बाजाराचा दिवस, गाडी अडकली. मी चहासाठी उतरलो. जीपच्या थांब्याजवळ जडीबुटीवाल्याचं पाल होतं. जमिनीवर मुळ्या, साली, बिब्बे, मधाच्या बाटल्या, आणि पुढे गिऱ्हाइकांची चक्क रांग. परतवाड्याच्या बाजारात रांग! मी पाहतच राहिलो. मग पालाच्या बांबूला टांगलेलं, प्लॅस्टिकमधे घातलेलं कात्रण दिसलं. 'मेळघाटच्या धावड्यात हृदयाचं कवच.' उंदीर, वाटी, हसू.

आणि रांगेच्या मधे मॅडम उभ्या होत्या. केस पार पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. पुढच्या म्हाताऱ्याला सांगत होत्या, "बाबा, हृदयाच्या गोळ्या चालू हायेत ना? बंद नका करू. ह्यानं काही होत नाई. त्या फोटोतली बाई मीच हावो. माझं चुकलं होतं."

म्हाताऱ्यानं फोटोकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. "तुमी? काय बाई गंमत करता. फोटोतल्या मॅडम शिकेल हायेत."

"हो. शिकेल हायेत. तरी चुकल्या."

तो हसला आणि पुढे सरकला. त्याचा नंबर आला, त्यानं पुडी घेतली. मॅडमचा नंबर आला. पालवाला दमून म्हणाला, "बोला बाई, आज तरी काही घेता का?" मॅडम म्हणाल्या, "मले काही नको," आणि रांग सोडून वळल्या, चालत शेवटी गेल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. शेवटच्या माणसाच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "भाऊ, कोणासाठी घेता? घरी कोणाले त्रास हाये का?"

आडवं उभं राहून, ओरडून, ते कात्रण ओढून फेकून त्यांना हे सांगता आलं असतं. मला तर तेच करावंसं वाटलं. पण दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही, आपला नंबर येईल तेव्हा आपलं सांगायचं, आणि नंबर संपला की परत मागे जायचं. दर बाजाराला.

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्या वळल्या. "भाऊ, तुमच्या गोळ्या चालू..." एवढं बोलून थांबल्या. ओळखलं. चष्म्यामागे डोळे एकदम खाली गेले. चोरी करताना सापडल्यासारखं त्यांनी पिशवी छातीशी ओढली, आणि ती लाज पाहून मला माझ्या पायाखालची जमीन नकोशी झाली. मी त्यांना मॅडम म्हणून हाक मारणार होतो, पण चार माणसांसमोर त्या आणखी ओशाळतील म्हणून मारली नाही.

"तू कायले आला?" त्या हळू म्हणाल्या.

"रांगेत."

त्या परत पुढे वळल्या. रांग सरकत गेली. त्यांनी पुढच्या माणसाला सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं आणि तरी पुडी घेतली. मग त्यांचा नंबर आला, "मले काही नको" म्हणून त्या निघून मागे गेल्या. माझा नंबर आला. पालवाल्यानं पुडी माझ्यासमोर धरली. पुडीवरही तोच फोटो छापलेला होता, बारीक, धुरकट, पण हसू स्पष्ट होतं.

"साहेब, किती देऊ?"

गाडीवाला हॉर्न वाजवत होता, मुलं खिडकीतून हाका मारत होती. मी म्हणालो, "मलाही काही नको," आणि मागे जाऊन मॅडमच्या मागे उभा राहिलो.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "नीट उभा राह. मागच्याले दिसलं पायजे, रांग कुठं संपते ते."